ट्रेडमध्ये आलेला खेळाडू आपल्या संघात बसेल का, हे कसं ओळखायचं?

प्रश्न टेक्ससमधल्या फ्रिस्कोत राहणाऱ्या एका मराठी वाचकाचा आहे. ते एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या डॅलस स्टार्स या संघाचे सामने नियमाने बघतात. त्यांची तक्रार अशी: संघाने ट्रेडमध्ये, म्हणजे दुसऱ्या संघाशी केलेल्या अदलाबदलीत, नवा खेळाडू घेतला की ऑफिसातले मित्र दोन दिवसांत निकाल लावून मोकळे होतात. कुणी म्हणतं चोरी केली, कुणी म्हणतं लुटले गेलो. "मला गोल आणि असिस्ट यांपलीकडे काही कळत नाही. नवा आलेला माणूस खरोखर किती चांगला आहे आणि आमच्या संघात बसेल का, हे मी स्वतः कसं ठरवू?"

मी शाळकरी मुलांच्या संघांना आइस हॉकी शिकवतो आणि प्रशिक्षकांसाठी सामन्यांचे व्हिडिओ कापून देतो. एखाद्या खेळाडूच्या सगळ्या शिफ्ट, म्हणजे बर्फावर उतरण्याच्या पाळ्या, एकापुढे एक लावून बघणं हे माझं रोजचं काम. त्या अनुभवावरून सांगतो: त्याने किती गोल केले हे विचारण्याआधी त्याला पक कुठे मिळत होता, कोण देत होतं आणि मिळाल्यावर तो किती वेळ ठेवत होता, हे विचारा. पक म्हणजे आइस हॉकीतली ती काळी चकती. जुन्या संघात तो जिथे मिळत होता तिथेच नवा संघ देणार असेल, तर खेळाडू बसेल. देणार नसेल, तर शंभर गुणांचा माणूसही हरवल्यासारखा दिसतो.

तुमच्याच संघातला मिक्को रांतानेन घ्या. 2024-25 च्या एकाच हंगामात तो तीन संघांकडून खेळला. माणूस तोच, वय तेच, हात तेच आणि तीन वेगळे निकाल. अभ्यासाला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आधी तारखा सांगून टाकतो. रांतानेनला कोलोरॅडो ॲव्हलांचने 2015 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या निवडीत, दहाव्या क्रमांकावर घेतलं. 2022 मध्ये त्यांच्याबरोबर त्याने लीगचं विजेतेपद, म्हणजे स्टॅनली कप जिंकला, 2022-23 मध्ये 55 गोल आणि 105 गुण केले, पुढच्या हंगामात 104. (इथे गुण म्हणजे गोल आणि असिस्ट, म्हणजे साथीदाराच्या गोलआधी दिलेले पास, यांची बेरीज.) 24 जानेवारी 2025 ला त्याला कॅरोलिना हरिकेन्सकडे धाडलं गेलं. तोवर त्याचे 49 सामन्यांत 64 गुण झाले होते. कॅरोलिनात 13 सामने, 2 गोल, 4 असिस्ट. 7 मार्चला, ट्रेडच्या शेवटच्या दिवशी, तो डॅलसमध्ये. तिथे 20 सामन्यांत 18 गुण आणि प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, 18 सामन्यांत 22.

कॅरोलिनातले ते 13 सामने चालू असताना चाहत्यांचे दोन तट पडले होते. एक म्हणायचा, हा तर कोलोरॅडोतला साथीदार नेथन मॅकिननच्या जिवावर खेळत होता. दुसरा म्हणायचा, थांबा, सवय व्हायला वेळ लागतो. माझ्या मते दोघांनीही त्याचा खेळ नीट बघितला नव्हता.

मग त्याचा खेळ आहे तरी कसा? उंची सहा फूट चार इंच, वजन शंभर किलोच्या जवळपास. डावखुरी स्टिक, पण जागा उजव्या विंगची, म्हणजे आक्रमणातल्या उजव्या कडेची. वेग बरा, थक्क करणारा नाही. त्याचं खरं भांडवल म्हणजे पक अंगाआड ठेवून प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेणं. विरारच्या गर्दीच्या लोकलमध्ये दाराशी पाठ टेकवून उभा असलेला माणूस कितीही रेटा आला तरी जागा सोडत नाही, तसा हा बोर्ड्सला, म्हणजे मैदानाभोवतीच्या भिंतीला, लागून उभा राहतो. त्या दोन-तीन सेकंदांत दोन डिफेंडर त्याच्याकडे खेचले जातात, मधली जागा मोकळी होते आणि मागून वेगाने येणाऱ्या साथीदाराच्या स्टिकवर पास पडतो. म्हणजे तो खेळ मंद करणारा खेळाडू आहे. मंद हा शब्द मी कौतुकाने वापरतोय. सगळे पळत असताना एखाद्याने खेळ थांबवणं ही फार दुर्मीळ कला आहे.

ती कला कोलोरॅडोत का फुलली? कारण तिथे मॅकिनन आणि डिफेन्समन केल मकार पक घेऊन स्वतः ब्लू लाइन, म्हणजे आक्रमणाच्या भागाची हद्द, ओलांडायचे. मधला पट्टा पार करण्याचं ओझं रांतानेनवर नव्हतंच. आक्रमणाच्या भागात शिरल्यावर पक त्याच्याकडे यायचा, तो थांबायचा आणि मॅकिनन पुन्हा वेग घेऊन मोकळ्या जागेत घुसायचा. पॉवर प्लेवर, म्हणजे समोरच्याचा एक खेळाडू शिक्षेत बसलेला असताना, मॅकिनन डाव्या वर्तुळात, मकार वर मध्यभागी आणि रांतानेन उजव्या बाजूला. डावखुरा असल्यामुळे त्या जागेवरून त्याची स्टिक मैदानाच्या मधल्या बाजूला उघडी असते. आलेला पास न अडवता तसाच गोलवर मारता येतो. त्याला खेळवलंही भरपूर जायचं, सामन्याला साधारण 22 मिनिटं.

आता कॅरोलिना बघा. प्रशिक्षक रॉड ब्रिंडमोर यांचा संघ वर्षानुवर्षं एका पद्धतीने खेळतो आणि यशस्वीपणे खेळतो. पक खोल टाका, जोरात पाठलाग करा, हिसकावून घ्या, लगेच गोलकडे मारा. कोनातून मारा, ब्लू लाइनवरून मारा, समोर गर्दी करून परत आलेला पक ढकला. शॉटच्या प्रयत्नांच्या हिश्श्यात हा संघ लीगमध्ये कायम वरच्या जागांवर असतो. बचावातही प्रत्येकाने आपला माणूस धरून मैदानभर फिरायचं. चारही लाइन, म्हणजे फॉरवर्डच्या तीन-तीन जणांच्या तुकड्या, जवळपास सारख्या वापरायच्या, म्हणून मोठ्या नावांनाही मिनिटं कमीच मिळतात.

या यंत्रात रांतानेन ठेवला तर काय होईल? त्याने पक बोर्ड्सवर धरून ठेवला की बाकीचे चौघे आधीच गोलसमोर पोहोचलेले असतात. मागून वेगाने येणारा कुणी नसतो. त्याला हवा असलेला एक ताल उशिराचा खेळ तिथे कुणी खेळतच नाही. कॅरोलिनाकडे सेबॅस्टियन आहो होता, रांतानेनच्याच देशाचा आणि उत्तम सेंटर, म्हणजे मधला फॉरवर्ड. म्हणून चाहत्यांनी ट्रेड झाल्या झाल्या दोघांची जोडी मनात जुळवून टाकली. पण दोघे फिनलंडचे असणं वेगळं आणि दोघांना पक एकाच तालात हवा असणं वेगळं.

इथे कुणी म्हणेल, कॅरोलिनाची पद्धतच बाहेरून आलेल्या गोल करणाऱ्यांना मारक आहे. तसं नाही. बरोबर एक वर्ष आधी, 7 मार्च 2024 ला, त्यांनी पिट्सबर्गकडून जेक गेन्टझल आणला होता. त्याने हंगामातल्या उरलेल्या 17 सामन्यांत 25 गुण केले. गेन्टझल लहानखुरा, पण तो पकशिवाय खेळतो. गर्दीत अर्ध्या सेकंदासाठी मोकळी होणारी जागा त्याला आधी दिसते, पक येतो आणि जातो. कॅरोलिना जो पक गोलसमोर उधळते त्यावरच त्याचा संसार चालतो. दोघे विंगर, दोघेही गोल करणारे, दोघांच्या नावावर स्टॅनली कप. कागदावर रांतानेन मोठाच. तरी त्या संघात गेन्टझल पहिल्या आठवड्यात बसला आणि रांतानेन बसला नाही. तुमच्या मित्रांच्या पुढच्या वादात हे उदाहरण जरूर टाका.

तरीही एक इशारा. 13 सामन्यांत 2 गोल हा पुरावा दिसतो त्याहून फार कच्चा आहे. हिशोब करून बघा. सामन्याला तीन शॉट घेणारा आणि त्यातले 15 टक्के गोलमध्ये घालणारा खेळाडू 13 सामन्यांत 39 शॉट घेईल, म्हणजे सरासरीने सहाच्या आसपास गोल. पण निव्वळ नशिबाच्या चढउतारानेही अशा 13-13 सामन्यांच्या साधारण अठरा तुकड्यांपैकी एकात त्याच्या नावावर दोन किंवा त्याहून कमी गोल दिसतील. हंगाम 82 सामन्यांचा असतो आणि कारकीर्द कित्येक हंगामांची. म्हणजे असा दुष्काळ प्रत्येक मोठ्या खेळाडूच्या वाट्याला येतोच, फक्त बहुतेकांचा दुष्काळ ट्रेडनंतरच्या महिन्यात सगळ्यांच्या नजरेसमोर येत नाही. त्यात फेब्रुवारीत राष्ट्रीय संघांची फोर नेशन्स स्पर्धा मध्ये आली आणि नव्या साथीदारांबरोबर सरावाचे दिवस आणखी घटले. म्हणून "तो बसत नव्हता" हे मी गोलांच्या आकड्यावरून म्हणत नाही, पक कुठे मिळत होता ते बघून म्हणतो. हा फरक महत्त्वाचा आहे. आकडे उद्या सुधारले असते, जागा सुधारली नसती.

तुम्ही डॅलसचे म्हणून याची दुसरी बाजूही सांगतो. 2025 च्या प्लेऑफमध्ये पहिल्याच फेरीत गाठ पडली कोलोरॅडोशी. पहिल्या चार सामन्यांत रांतानेनच्या नावावर एकच असिस्ट होता. तुमच्या ऑफिसात त्या आठवड्यात काय बोललं गेलं असेल याचा अंदाज मी करू शकतो. आठ वर्षांचा नवा करार, 9 कोटी 60 लाख डॉलर, म्हणजे वर्षाला सरासरी 1 कोटी 20 लाख, आणि एक असिस्ट! पुढच्या तीन सामन्यांत त्याने 11 गुण केले. सातव्या, निर्णायक सामन्यात स्टार्स तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या सत्रात 0-2 मागे असताना त्याने त्याच सत्रात तीन गोल आणि एक असिस्ट करून 4-2 असा सामना काढला. एनएचएलच्या इतिहासात सातव्या सामन्याच्या तिसऱ्या सत्रात हॅटट्रिक त्याआधी कुणीच केली नव्हती. विनिपेगविरुद्धच्या पुढच्या फेरीतल्या पहिल्या सामन्यातही हॅटट्रिक. आणि मग एडमंटनविरुद्धच्या मालिकेत पाच सामन्यांत एकही गोल नाही. दोन महिन्यांत एकाच माणसाला तीनदा डोक्यावर घेऊन तीनदा आपटता आलं असतं.

डॅलसमध्ये तो का रुळला? सोपं उत्तर सगळे देतात: फिनलंडचे मित्र. रोपे हिन्त्झ, मिरो हेइस्कानेन, एसा लिंडेल आधीपासून होते आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला मिकाएल ग्रानलुंडही आला होता. ड्रेसिंग रूममध्ये आपली भाषा बोलणारे असले की माणूस सैलावतो, हे परदेशात राहणाऱ्या तुम्हाआम्हाला कुणी समजवायला नको. पण नुसत्या आपुलकीने पक स्टिकवर येत नाही. बर्फावरचं कारण हिन्त्झ आहे. हा मोठा, सरळ रेषेत वेगाने धावणारा सेंटर. मॅकिनन नव्हे, मॅकिनन एकच असतो. पण मधला पट्टा वेगाने ओलांडून डिफेन्स मागे ढकलण्याचं काम तो करतो. ग्रानलुंड पक सांभाळून देणारा. म्हणजे एक वेग देणारा, एक पास देणारा आणि तिसऱ्याने बोर्ड्सवर थांबून दोघांची वाट बघायची. रांतानेनची जुनी नोकरी नव्या गावात जशीच्या तशी मिळाली.

एवढं कळलं की कोणताही ट्रेड तुम्ही याच पद्धतीने उलगडू शकता. जुन्या संघात पुढची ब्लू लाइन कोण ओलांडत होतं? नवा आलेला माणूस पक नेणारा आहे की नेलेला पक वापरणारा? नव्या संघात ते दुसरं काम करणारा कुणी आहे का? दोन पक नेणारे एकाच लाइनवर ठेवले तर एकाचा सामना वाया जातो, आणि दोन वाट बघणारे ठेवले तर दोघांचा.

जोनाथन ह्युबर्डोचं काय झालं ते यामुळेच कळतं. 2021-22 मध्ये फ्लोरिडाकडून त्याने 115 गुण केले होते, त्यात 85 असिस्ट. एका हंगामात डाव्या विंगरने इतके असिस्ट कधी केले नव्हते. 2022 च्या उन्हाळ्यात मॅथ्यू कचकच्या बदल्यात तो कॅल्गरीला गेला आणि पहिल्याच हंगामात 55 गुणांवर आला. फ्लोरिडाचा तो संघ पक मिळाला की सगळे मिळून धावत सुटायचा. समोरचा डिफेन्स विस्कटलेला असताना आडवे पास देणारा माणूस तिथे सोन्याचा. प्रशिक्षक डॅरिल सटर यांच्या कॅल्गरीत खेळ बोर्ड्सवरचा, रेटारेटीचा, आखून दिलेल्या वाटेवरचा. आडव्या पासांना तिथे वावच कमी. कचक मात्र गोलसमोर आणि जाळ्यामागे उभा राहून खेळणारा. त्याची जागा कोणत्याही संघात तीच असते, म्हणून फ्लोरिडात पहिल्याच हंगामात त्याने 109 गुण केले. माझा ठोकताळा असा की गोलच्या दहा फुटांत राबणारा खेळाडू सहज स्थलांतर करतो. लांबून खेळ रचणाऱ्याला सगळा संघ बरोबर न्यावा लागतो.

पॉवर प्लेकडे वेगळं लक्ष द्या, कारण चाहते सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. तिथे जागा पाचच आणि प्रत्येक जागेवर आधीच कुणीतरी बसलेलं. नव्या माणसाचे आधीच्या संघातले किती गुण पॉवर प्लेवर आले होते ते काढा आणि मग आपल्या संघात त्याच कोपऱ्यात, त्याच हाताचा कोण उभा राहतो ते बघा. दोघे एकाच जागेचे असतील तर कुणाला तरी परक्या जागी जावं लागणार. एरिक कार्लसनने 2022-23 मध्ये सॅन होजेकडून 101 गुण केले, डिफेन्समनसाठी अचाट आकडा. पुढच्या हंगामात पिट्सबर्गमध्ये 56. तिथे सिडनी क्रॉस्बी, येवगेनी मॉल्किन, क्रिस लेटँग असे मातब्बर आधीपासून होते. एवढी नावं एकत्र आल्यावर पॉवर प्ले पेटून उठेल असं वाटलं होतं, तो लीगच्या तळाला गेला. सॅन होजे हा दुबळा संघ, तिथे प्रत्येक चाल कार्लसनच्या स्टिकवरून जायची. पिट्सबर्गमध्ये ती वाटून घ्यावी लागली.

दुबळ्या संघातून आलेल्या खेळाडूबद्दल उलटी चूकही होते. डिफेन्समन सेथ जोन्स शिकागोत असताना त्याचे आकडे बघून लोक हसायचे. तो बर्फावर असताना गोल खाल्ले जायचे, पगार मोठा, संघ तळाशी. 1 मार्च 2025 ला तो फ्लोरिडात आला. तिथे गुस्ताव फोर्सलिंग आणि ॲरन एकब्लाड ही जोडी आधीच सर्वांत कठीण जबाबदारी उचलत होती. जोन्सला नीको मिकोलाबरोबर दुसऱ्या जोडीत ठेवलं. मिनिटं भरपूरच, पण आसपास धड माणसं. जूनमध्ये त्याच्या हातात स्टॅनली कप होता. डिफेन्समन जोखताना त्याचा साथीदार कोण होता आणि समोरच्या संघाची कोणती लाइन त्याच्या वाट्याला यायची, हे बघितल्याशिवाय अधिक-उणे आकड्यांकडे, म्हणजे तो बर्फावर असताना संघाने केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांच्या फरकाकडे, ढुंकूनही बघू नका. आणि हात बघा, डावा की उजवा. उजव्या हाताचे डिफेन्समन कमी असतात, म्हणून सामान्य वाटणाऱ्या माणसाचीही किंमत चढते. तुमच्याकडे ग्रानलुंडबरोबर सॅन होजेहून आलेला कोडी सीसी अशाच गरजेतून आला.

गोलरक्षकाबद्दल मी फार बोलणार नाही. त्यांचा पुढचा हंगाम ओळखणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आता आकडे कुठून घ्यायचे. नॅचरल स्टॅट ट्रिक आणि मनीपक या साइट फुकट आहेत. पाच विरुद्ध पाच खेळात 60 मिनिटांमागे किती गुण हा पहिला आकडा बघा, कारण त्यात पॉवर प्लेची सूज नसते. मग तो बर्फावर असताना दोन्ही बाजूंना तयार झालेल्या संधी, म्हणजे शॉटच्या जागेवरून आणि प्रकारावरून काढलेले अपेक्षित गोल. मग त्याच्या मुख्य साथीदाराबरोबर आणि त्याच्याशिवाय हे आकडे कसे बदलतात ते. "मॅकिननच्या जिवावर" या आरोपाची तपासणी तिथेच होते. एनएचएलच्या स्वतःच्या एज विभागात स्केटिंगचा वेग आणि शॉटच्या जागांचे नकाशे मिळतात. मला ते नकाशे फार उपयोगी वाटतात. दोन हंगामांचे नकाशे शेजारी ठेवले की ट्रेडनंतर माणूस आपल्या नेहमीच्या कोपऱ्यातून बाहेर ढकलला गेला का, हे एका नजरेत दिसतं. करारांसाठी पूर्वी कॅपफ्रेंडली होतं, ते वॉशिंग्टनच्या संघाने 2024 मध्ये विकत घेऊन लोकांसाठी बंद केलं. आता पकपीडिया वापरा.

करार वेगळा बघायचा, पण बघायचाच. चाहते "कुणी काय दिलं" यावर भांडतात आणि करार किती उरलाय हे विसरतात. रांतानेनचा करार त्या उन्हाळ्यात संपणार होता. कॅरोलिनाने मार्टिन नेचास, जॅक ड्ररी आणि दोन ड्राफ्ट निवडी देऊन त्याला आणलं, शिकागोने मध्ये पडून त्याचा निम्मा पगार उचलला, पण तो कॅरोलिनाशी नवा करार करायला तयार होईना. जुलैत तो फुकट निघून गेला असता. हरिकेन्सचे जनरल मॅनेजर एरिक टल्स्की हे मूळचे रसायनशास्त्राचे डॉक्टर, भावनेपेक्षा हिशोबाचे. त्यांनी सहा आठवड्यांत तोच माणूस पुढे विकला आणि लोगन स्टॅनकोव्हेन, पहिल्या फेरीच्या दोन आणि तिसऱ्या फेरीच्या दोन निवडी घेतल्या. पाच फूट आठ इंचांचा, सतत पाठलागावर असणारा स्टॅनकोव्हेन त्या संघाच्या पद्धतीत आल्या आल्या बसला. त्या वर्षी कॅरोलिना पूर्व विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत गेली. तिकडे नेचासने कोलोरॅडोत 30 सामन्यांत 28 गुण केले, कारण तो पक घेऊन धावणारा आणि तो संघ धावणाऱ्यांचा. कोण जिंकलं, कोण हरलं ही भाषा अशा ट्रेडला लागूच पडत नाही.

तुमच्या बाजूने बघितलं तर वर्षाला 1 कोटी 20 लाख हा आकडा ऐकून छाती दडपते. पण प्रत्येक संघाच्या एकूण पगारांवर लीग घालते ती मर्यादा 2025-26 मध्ये 9 कोटी 55 लाख होती आणि 2026-27 साठी 10 कोटी 40 लाख जाहीर झाली. मर्यादेतला त्याचा वाटा दरवर्षी घटत जाणार. शिवाय टेक्ससमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे त्याच रकमेतून हाती जास्त पडतं. स्टार्सचे जनरल मॅनेजर जिम निल यांना हे पत्ते न खेळताही मिळालेले आहेत. मला काळजी आहे ती शेवटच्या तीन वर्षांची, तो 34 ते 36 चा असताना. तरी पायांवर जगणाऱ्या विंगरपेक्षा अंग आणि हात यांवर जगणारा विंगर हळू म्हातारा होतो, असं माझं निरीक्षण आहे. ब्रॅड मार्शंड बघा. मार्च 2025 मध्ये बॉस्टनहून फ्लोरिडात आला तेव्हा 36 वर्षांचा आणि दुखापतग्रस्त होता. अँटन लुंडेल आणि एतू लुओस्तारिनेन या दोन तरुण पायांबरोबर तिसऱ्या लाइनवर त्याला ठेवलं आणि प्लेऑफमध्ये त्याने 10 गोल केले.

शेवटचं, नवा खेळाडू आल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचं. हायलाइट बघू नका. त्यात शेवटचा स्पर्श दिसतो, पक तिथवर कसा पोहोचला ते दिसत नाही. सामना रेकॉर्ड करा आणि फक्त त्याच्या शिफ्ट बघा. एक शिफ्ट 40-50 सेकंदांची, सामन्यात वीस-पंचवीस होतात, तासाभराचंही काम नाही. मोठ्या फॉरवर्डच्या स्टिकवरसुद्धा पूर्ण सामन्यात पक असतो तो फार तर दोन-एक मिनिटं. उरलेल्या वेळात तो काय करतो ते बघा. पक गेल्यावर पहिल्या तीन सेकंदांत मागे वळतो की हात हलवत उभा राहतो? साथीदार त्याच्याकडे बघून पास देतात की सवयीने जुन्या माणसाच्या जागेकडे देतात? तो हाक मारतो का? बाकावर बसल्यावर कोण त्याच्याशी बोलतं? प्रशिक्षक एका गोलची आघाडी वाचवताना त्याला उतरवतो का? पाच-सात सामन्यांत एवढं टिपलंत तर गोल शून्य असला तरी तुमच्याकडे मित्रांपेक्षा जास्त माहिती असेल. निकालाचं म्हणाल तर 25 सामन्यांच्या आत मी कुणाबद्दलच ठाम बोलत नाही, आणि हंगामाआधीचं सराव शिबिर नव्या संघाबरोबर केल्याशिवाय तर नाहीच.

आणि स्टार्सच्या घरच्या मैदानावर, अमेरिकन एअरलाइन्स सेंटरला जाणार असाल तर काचेजवळच्या महागड्या तिकिटाच्या नादी लागू नका. तिथून धडका छान दिसतात, खेळ दिसत नाही. वरच्या मजल्यावरचं, गोलच्या मागच्या बाजूचं स्वस्त तिकीट काढा. स्टार्स दोन सत्रं ज्या गोलवर चढाई करतात ती बाजू घ्या. पकवरून नजर काढून पूर्ण एक सत्र फक्त नव्या माणसावर ठेवा.